नेलिदाचा काळा स्क्रीन

मी विल्मार. एखादं काम हातात घेतलं, की त्याचा फडशा पाडूनच थांबतो! आमच्या मोंटेव्हिडिओच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहीत नाहीत, रचतात. स्क्रीनवरचे रंगीबेरंगी ठोकळे माऊसने ओढायचे नि एकमेकांत अडकवायचे. आता आमच्याकडे उमेदवारीवर आलेल्या नेलिदाला दिसत नाही. ती माऊस घेऊन काय करणार, कपाळ? म्हणून मी ते ठोकळे कीबोर्डवर चालवले, वर मशीनला ते वाचून दाखवायलाही शिकवलं. "डोळे हवेत कुणाला!" असं ऑफिसभर सांगत सुटलो.

सोमवारी आमच्या मालकीण सुल्माबाई परीक्षा घ्यायला आल्या. काखेत थर्मास, हातात आमच्याकडच्या 'माते' चहाचा पेला. अट साधी होती. नेलिदाने त्यांच्यासमोर ठोकळे रचून ऑफिसची घंटा वाजवायची. वाजली तर नोकरी कायम, नाही तर नारळ!

नेलिदाने एका कानात इअरफोन घातला आणि तिची बोटं भराभर चालू लागली. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. स्क्रीन काळाकुट्ट! बिचारी बंद पडलेल्या लॅपटॉपवर टाइप करत होती!

"थांब, नेली!" मी झडप घातली आणि चालू करायचं बटण दाबून धरलं.

"अरे! चालू मशीन बंद केलंस!" नेलिदा किंचाळली. "एक कळ दाबायची राहिली होती!"

"पण स्क्रीन बंद होता..."

"मीच बंद ठेवते! बॅटरी वाचते! मला काय त्यात तोंड बघायचंय?"

सुल्माबाईंना चहाचा ठसका लागला.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. निदान बाईंना तरी ऐकू येऊ दे, म्हणून मी इअरफोन उपटला. मशीन सुसाट बडबडायला लागलं.

"ह्याला झटका आला की काय?" बाई ओरडल्या.

मी घाईघाईने वेग कमी केला.

"राहू दे रे! मी असंच ऐकते!" नेलिदा म्हणाली, पण तोवर मशीन सावकाश, खणखणीत बोललं, "जांभळा ठोकळा. शेजारी पिवळा ठोकळा. खाली पुन्हा जांभळा."

"विल्मार," बाई म्हणाल्या, "जांभळा करतो काय?"

बोंबला! ते सांगायला मशीनला शिकवलंच नव्हतं! मी सगळं तपासलं होतं हो, पण डोळे उघडे ठेवून.

"मग इतके दिवस तू काम कशी करत होतीस?" बाईंनी नेलिदाला विचारलं.

"ह्याची बडबड मी पहिल्याच दिवशी बंद केली. माझी स्वतःची लिहिली. त्यात प्रत्येक ठोकळा आपलं काम सांगतो. ह्याने बटण दाबलं, तेव्हा माझी गेली नि ह्याची परत आली."

"परत लाव तुझी. आणि विल्मार, हात खिशात!"

मी हात खिशात कोंबले. माझ्यापायी पोरीची नोकरी जाते की काय! नेलिदाने पुन्हा पहिल्यापासून रचना केली. आणि घंटा ठणठणली! मला रडूच यायचं बाकी होतं.

"नेलिदा कायम," बाई म्हणाल्या. "आणि हा आजपासून तुझ्या हाताखाली."

पण मी हार मानणाऱ्यांतला नव्हे! दुसऱ्या दिवशी नेलिदासारखाच इअरफोन घातला, स्क्रीन काळा ठेवला आणि दुपारपर्यंत खपून काम केलं.

"जमतंय का?" तिने विचारलं.

"झकास! मशीन चकार शब्द काढत नाही. म्हणजे एकही चूक नाही!"

तिने हात लांब करून माझा लॅपटॉप चाचपला.

"विल्मार, हा थंडगार आहे. तू चालूच केलेला नाहीस."