रक्तदात्यांच्या कोऱ्या तारखांची हकीकत

श्रीविघ्नहर्त्याचे स्मरण करून, मुलाबाळांस समजावे या हेतूने लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक मासी, एका राज्यात रक्तदात्यांचे ॲप सुरू जाहले, आणि समस्त दरबाराने हार घालून, फोटो काढून, दाते म्हणून नावे नोंदविली, आणि दिवाण दौलतराव फोटोत सर्वांत पुढे उभे राहिले. मग पौषात सोपान नामे गवंडी दरबारी आला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या हौसाला ऑपरेशनला घ्यायचंय. बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, आणि तुमचं ॲप म्हणतंय दाताच नाही."

तेव्हा कोडनवीस भिकाजीपंत कामास लागले. त्यांचा रिवाज ऐसा की, ॲप डेटाबेसास जो प्रश्न घालते त्यातला एक शब्द बदलावा, मग अवघे ॲप नव्याने बांधावे, मोबाइलवर चढवावे, ते चढेतो चहा घ्यावा, आणि मग पाहावे तो दाता नाहीच. ऐसे चहा पुष्कळ जाहले आणि सोपान दारात उभाच. मग तपासनीस मालतीबाई बोलत्या जाहल्या, "पंत, चहा पुरे. डेटाबेसची प्रत इकडे द्या." आणि पायथॉन नामे भाषा, जीत दोन ओळी लिहाव्या आणि तत्क्षणी उत्तर घ्यावे, ती उघडून प्रश्नाचे तुकडे करून विचारू लागल्या. बी निगेटिव्ह कोण, म्हणता नावे आली. त्यांत मागचे रक्तदान तीन महिन्यांपूर्वीचे कोणाचे, म्हणता एकही उरेना. नित्य देणारे नुकतेच शिबिरात देऊन बसले होते, आणि बाकीच्यांची तारीख कोरी. बाई म्हणाल्या, "ज्यानं कधी दिलंच नाही, त्याची तारीख कुठून येणार पंत? कोरी जागा यंत्राला जुनी वाटत नाही आणि नवीही वाटत नाही. ते सरळ गाळून टाकतं." मग 'किंवा तारीख कोरी असलेले' इतुके जोडताच फोन नंबरांसह यादी पडद्यावर उमटली, आणि पहिले नाव दिवाणसाहेबांचे निघाले.

दिवाण गंभीर होऊन म्हणाले, "बाई, रिवाज मोडू नये. आधी ॲप बांधा, मोबाइलवर येऊ द्या, मग बघू." आणि पंत चहा सांगावयास उठले. इतक्यात दिवाणांचे खिशात फोन वाजला आणि ते म्हणाले, "कोण बोलतंय?"

सोपान दारातून, फोन कानाशी धरून, म्हणाला, "मीच, साहेब. पडद्यावरचा नंबर लावून बघितला. रिक्षा खाली उभी आहे."

मग दिवाण निरुपायाने गेले आणि रक्त दिले आणि हौसाबाई वाचली. दुसरे दिवशी त्यांनी आपली तारीख जातीने भरून घेतली, की तीन महिने कोणी बोलावू नये; आणि उरल्या दरबाराने, तारखा कोऱ्या असल्याकारणे, फोन बंद ठेविले. एवंच, प्रश्न दुरुस्त जाहला. दाते व्हावयाचे आहेत.