काचवाल्याचा काचबिंदू

"काचबिंदू! दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही आणि नजर घेऊन जातो!" दुकानात कुणीतरी टाकून गेलेला कागद काचवाल्याने मोठ्याने वाचला आणि हातातली काच कापायची हिरकणी अर्ध्या काचेवरच थांबली.

अठ्ठावीस वर्षं तो काच कापत होता. खिडक्यांची, आरशांची, शोकेसची. आणि आपल्या धंद्याच्या नावाचा रोग आहे, हे एकाही शहाण्याने त्याला सांगितलं नव्हतं!

"अगं, ऐकलंस का?" मागे फ्रेमला खिळे ठोकत बसलेल्या बायकोला तो ओरडला. "काचेची भुकटी डोळ्यात साठत जाते, त्याचा बिंदू होतो. संपलो मी!"

"मग मोतीबिंदू काय सोनारांनाच होतो?" बायकोने मान वर न करता विचारलं.

पण घाबरलेल्या माणसाचे कान आधी बंद होतात. त्याने अर्धं शटर ओढलं आणि पाटी लावली: 'काच कापणे बंद. मालकाचे डोळे धोक्यात.'

पाटी वाचून शेजारचा शिंपी धावत आला. "काय झालं रे?"

"काचेपासून लांब राहा, बाबा. माझी टेबलावर तरी आहे. तुझी तर नाकावरच बसलीय!"

शिंप्याने चष्मा असा काढला, जणू विंचूच. तो ड्रॉवरमध्ये कोंडून, तसाच मशीनवर बसला. अर्ध्या तासात एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय खालून शिवून बंद!

"साहेब, पाय मोठा की डोळे?" शिंपी उलट त्यालाच विचारत होता.

तेवढ्यात एक बाई चादरीत गुंडाळलेला आरसा घेऊन आली. "हा परत घ्या. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत."

बायकोने हातोडी आपटली. "अहो, त्या कागदावर खाली डॉक्टरांचा पत्ता आहे, तेवढा वाचला नाहीत ना? चला!"

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत; न हसायचं डॉक्टरांना वेगळं शिकवत असावेत. "काका, याचा काचेशी संबंध नाही. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते. आधी कडेकडेचं दिसेनासं होतं. चाळिशीनंतर सगळ्यांनीच तपासून घ्यावं. तुमचे डोळे मात्र ठणठणीत आहेत."

"बघा! अख्खी गल्ली वेडी केलीत!" म्हणत बायको ऐटीत स्वतःच नजर तपासायच्या मशीनपुढे बसली. उजवा डोळा झाकलेला, नजर समोर. कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं.

ती अंगठा रोखून बसून राहिली. बराच वेळ.

"दिवे बंद पडले का हो?" तिने विचारलं.

दिवे चालू होते.

काचवाला उठून तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला.

"काकू, या डोळ्याची कड बरीच गेलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"गेलीय? अहो, मला सगळं दिसतं!"

"दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून तसं वाटतं. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे, न चुकता. घरात कुणाला होतं?"

"आईची नजर गेली होती. आम्ही म्हटलं, वय झालं..."

"भावंडं?"

"पाच भाऊ."

"हा रोग घराण्यात चालतो. पाचही जणांना घेऊन या."

काचवाल्याने चारचौघांत बायकोचा हात धरला, तो सोडलाच नाही. दुसऱ्या हाताने थोरल्या मेहुण्याला फोन लावला. या पाच जणांनी लग्नापासून त्याला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आज त्याने हुकूमच सोडला.

"पण भाऊजी, मला तर अगदी नीट दिसतं!"

"तुझ्या बहिणीलाही पाच मिनिटांपूर्वीपर्यंत नीटच दिसत होतं. चौघांना घे आणि रिक्षा कर. गाडीला हात लावायचा नाही!"