शिक्का गेलेलं कौल

अकराला विमा कंपनीच्या बाईंचा व्हिडिओ कॉल होता आणि त्यांना दाखवायचं कौलच देवदत्तला सापडत नव्हतं. परदेशातल्या कापेल गावच्या त्या चिंचोळ्या घराचा जिना तो सकाळपासून सहा वेळा चढला-उतरला होता.

गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवं करावं, असं संपदाचं म्हणणं होतं. देवदत्तने मात्र गारांचा मारा सोसणारी महागडी कौलं छपरावर चढवली. विम्यात सवलत मिळेल, असं तो बायकोला छातीठोकपणे म्हणाला होता. त्यासाठी कौलांचं प्रमाणपत्र हवं होतं आणि कोरोनामुळे तपासणीला घरी कोणी येत नव्हतं. छपरावर चढायचं नाही, जादा ठेवलेल्या कौलाच्या पाठीवरचा शिक्का कॅमेऱ्यासमोर धरायचा, एवढंच काम. मुदत आजच संपत होती. प्रमाणपत्र हुकलं तर संपदा काही बोलली नसती. तिच्या त्या न बोलण्याचीच त्याला धास्ती होती.

"आई, शेडमधलं कौल पाहिलंस का?"

"ते होय? ओट्यावर आहे की," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या ह्या घरात नारळ फोडायला साधा दगड नाही रे. जमीन लाकडी, उंबरा प्लॅस्टिकचा. माणसाने आपटावा कुठे?"

कुमुदिनीबाई फेब्रुवारीत रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. नारळाशिवाय त्यांचा स्वयंपाक पुढे सरकत नसे. पालथ्या कौलावर त्या नारळ फोडत आणि मग तारेच्या घासणीने ते लख्ख घासून ठेवत. शिक्का अर्धाच उरला होता.

ठरल्या वेळी बाई पडद्यावर आल्या. बाकीचे आकडे कुठे गेले, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. देवदत्तने आधी थातूरमातूर कारणं दिली, मग घाम पुसत खरं काय ते सांगून टाकलं. बाई चष्मा सावरून पुढे झुकल्या. किती नारळ?

"दिवसाआड एक. चाळीसेक झाले असतील," आईने सांगितलं. "म्हणावं, एक टवका उडालेला नाही."

उरलेले आकडे कारखान्याच्या यादीशी जुळत होते, पण बाईंना खात्री हवी होती. प्रत्यक्ष दाखवता का, असं त्यांनी विचारलं. कुमुदिनीबाईंनी नारळ हातात फिरवत तीन बेताचे ठोके दिले. दोन भकलं झाली, पाणी वाटीत आलं, कौल जसंच्या तसं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यावर थांबला तर तो देवदत्त कसला. असल्या हलक्या ठोक्यांनी बाईंचं समाधान झालं नसेल, ह्या काळजीने त्याने दुसरा नारळ उचलला.

"देवू, हळू घे," आई म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी डोक्यावरून नारळ हाणला. कौलाने दाद दिली नाही. पाणी लॅपटॉपवर उडालं आणि एक भकल उसळून थेट काचेच्या शेगडीवर आदळलं. शेगडी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

बाई खूश होत्या. आईंच्या नारळानेच खात्री पटली होती, असं त्या म्हणाल्या. प्रमाणपत्र दुपारपर्यंत येईल. मागून तो आवाज मात्र कसला आला? देवदत्तने आभार मानून घाईघाईने कॉल बंद केला.

वरच्या खोलीत ऑफिसचं काम करणारी संपदा हेडफोन गळ्यात घेऊन खाली आली. तिने कौलाकडे पाहिलं, मग शेगडीकडे.

"छप्पर पास झालं," देवदत्त म्हणाला.

"छान," ती म्हणाली. खणातून तिने मोजपट्टी काढली आणि ओटा मोजायला घेतला.

"मोजतेच आहेस तर एक कर," कुमुदिनीबाई सुनेला म्हणाल्या. "माझ्या कौलाला जागा सोड."