दूध आत घेतलंत का?

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले देवस्थळी पाण्याच्या टँकरपाशी उभे राहून बादल्या घेऊन आलेल्या बायकांची माफी मागायचे. का, तर टँकर उशिरा आला म्हणून. टँकर त्यांचा नव्हता, पाणी त्यांचं नव्हतं, आणि त्यांची स्वतःची बादली शेवटपर्यंत रिकामीच असायची, कारण मागून येणाऱ्या प्रत्येकीला ते "आफ्टर यू, आफ्टर यू" करत पुढे सोडायचे. रांग अर्थात त्यांनीच लावलेली असायची.

ईरा, निहार, तुम्ही आता राहता तो देश मी कधी पाहिला नाही. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्लंड मला भेटलं ते डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. देवस्थळी लेस्टरच्या होजिअरीच्या कारखान्यात पंचविशीपासून निवृत्तीपर्यंत होते. मोजे विणणाऱ्या यंत्रांची देखभाल करायचे. तिथून ते थेट आमच्या समोर राहायला आले. सोबत एक लांब काळी छत्री, रबराची गरम पाण्याची पिशवी, आणि चहाच्या किटलीला घालायची लोकरीची टोपी. मे महिन्यात डोंबिवलीत किटली थंड होऊ नये म्हणून तिला टोपी घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्याकडे" या शब्दानं सुरू व्हायचं, आणि आमच्याकडे म्हणजे लेस्टर. "आमच्याकडे बसमध्ये कुणी कुणाच्या पायावर पाय दिला, तर दोघंही सॉरी म्हणतात." "आमच्याकडे ओळख झाल्यावर आधी हवेबद्दल बोलतात, मग वीस वर्षांनी पगाराबद्दल." एकदा औद्योगिक वसाहतीतून पिवळट धूर आला आणि आम्ही सगळे नाकाला पदर लावून खोकत खिडक्या बंद करत होतो. देवस्थळी गॅलरीत उभे राहून प्रेमानं म्हणाले, "थोडं फॉग आहे, नाही?"

"कसे आहात?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "मस्टन्ट ग्रम्बल." कुरकुर करू नये. ताप असो, वीज गेलेली असो, नळाला चार दिवस पाणी नसो, देवस्थळी आपले मस्टन्ट ग्रम्बल. आमच्या मजल्यावर कुरकुरीचा सगळा भार त्यामुळे तुमच्या आजोबांवर पडायचा, आणि ते तो आनंदानं उचलायचे.

पण त्यांच्या एका सवयीनं मात्र लोक वैतागले. तेव्हा दूधवाला पहाटे येऊन दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दूध टाकून जायचा. देवस्थळी सकाळी फिरून आले की प्रत्येक मजल्यावर थांबून ती पिशवी चाचपून पाहायचे. रिकामी असली की पुढे. भरलेली असली की बेल. दार उघडलं की अदबीनं, "दूध आत घेतलं नाहीत का?" रविवारी जरा उशिरापर्यंत झोपू पाहणाऱ्या माणसांना हा प्रश्न कसा वाटत असेल, विचार करा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे जिन्यातून ओरडायचे, "ओ इंग्लंडवाले, दूध आमचं, फाटेल तर आमचं फाटेल!"

आणि मग एकदा देवस्थळींनी आमचं दार फोडलं.

झालं होतं असं. ठाण्याला माझ्या बहिणीच्या पोटात अचानक दुखायला लागलं म्हणून निरोप आला. आम्ही दोघं संध्याकाळी तसेच निघालो, रात्री तिथेच राहिलो. दूधवाल्याला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी परतलो, तर जिन्यात गर्दी. गर्दी कसली, रांग! आमच्या घरात काय झालंय ते पाहायला माणसं एकामागे एक शिस्तीत उभी होती, आणि ती कुणी लावली असेल हे सांगायला नको. दाराचं कुलूप कोयंड्यासकट उखडलेलं. आत देवस्थळी छत्रीच्या टोकानं पलंगाखाली पाहत होते.

"अहो, बाहेरून कुलूप होतं ना!" तुमचे आजोबा गरजले. "कुलूप लावून आत कसे मरू आम्ही?"

देवस्थळी सरळ झाले. तो मुद्दा त्यांच्या लक्षातच आला नव्हता. लालेलाल होऊन म्हणाले, "आय अ‍ॅम ड्रेडफुली सॉरी. दूध तापवून ठेवलंय."

खरंच ठेवलं होतं. झाकण घालून, गॅस नीट बंद करून.

म्हात्रेंनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "आजपासून कुणाच्या पिशवीला हात लावायचा नाही. पुन्हा तक्रार आली तर बघा." देवस्थळींनी मान डोलावली. संध्याकाळी ते सुताराला घेऊन आले आणि त्याचं काम होईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. मी चहा दिला. कपाकडे पाहत ते बोलायला लागले.

लेस्टरला असतानाच त्यांची बायको सुशीला वारली, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. मूलबाळ नाही. अंथरुणातून उठता येईना, हाक घशातून निघेना. बाहेर बर्फ. दारात दुधाची बाटली तशीच, आतलं दूध गोठून वर आलेलं आणि त्यानं बाटलीचं चंदेरी झाकण उचललेलं. शेजारच्या मिसेस विगिन्स अशा की इतक्या वर्षांत हवेपलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या. पण दुपारी त्यांना ती बाटली दिसली, आणि त्यांनी पोलिसाला बोलावून दार फोडायला लावलं.

"हा ब्लॉक सुशीलानं पसंत केला होता," देवस्थळी म्हणाले. "म्हातारपणी मराठी कानावर पडायला हवं म्हणायची. ती नाही आली, मी आलो. इथं सगळे चांगले आहेत हो. दिवाळीला फराळाची ताटं येतात. पण सकाळी जाग आली की एकच वाटतं. इथं माझी बाटली कोण पाहणार?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतायला घेतला. तेवढ्यात तेच म्हणाले, "आज उकडतंय जरा, नाही?" तेव्हा मला कळलं, की त्यांच्या हवापाण्याच्या गप्पा कुठून सुरू होतात.

त्यांनी शब्द पाळला. जिन्यातून जाताना आता ते छताकडे पाहत जायचे, पिशव्या नजरेला पडू नयेत म्हणून. मी मात्र रोज सकाळी दार उघडलं की आधी समोर बघायला लागले. रिकामी पिशवी लोंबताना दिसली की माझा दिवस सुरू व्हायचा.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी ती भरलेली दिसली. बेल वाजवली. हाका मारल्या. उत्तर नाही.

"फिरायला गेले असतील," तुमचे आजोबा म्हणाले. "आणि आता तू त्यांचं दार फोडणार? हसतील लोक!"

मी म्हात्रेंना वर बोलावलं. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. म्हात्रेंनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले किंवा घाबरले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. "आमचे गावान कोनाचे घरातून धूर नाय निंगला, त बाजूवाली जाऊन इचारते," ते म्हणाले. "बाई, सरका." आणि त्यांनी खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला कडी तुटली.

देवस्थळी मोरीच्या उंबऱ्याशी पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ कोरडे पडलेले, पण डोळे उघडे.

"गुड मॉर्निंग," ते पुटपुटले. "सॉरी टू बॉदर यू."

"गप पडा!" म्हात्रे ओरडले, आणि मांडी घालून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"किती वाजले?" देवस्थळींनी मला विचारलं.

"सात वाजून गेलेत."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "मिसेस विगिन्सना दुपार झाली होती," ते म्हणाले.

ऑपरेशननंतर मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. म्हात्रे बाहेर बाकावर बसल्या बसल्या घोरत होते. कालपासून घरी गेलेच नव्हते. आत सिस्टर देवस्थळींची उशी सारखी करत होती.

"आजोबा, एकटे राहता ना तुम्ही? मग इतक्या सकाळी कळलं कसं कुणाला?"

"आमच्याकडे ना, सिस्टर," देवस्थळी म्हणाले, "सकाळी दूध आत घेतलं नाही, तर लोक दार फोडतात."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

आता लेस्टर येणार म्हणून मी डबा उघडायला घेतला.

"डोंबिवलीला," ते म्हणाले.

सिस्टर हसून निघून गेली. देवस्थळींनी तोंड खिडकीकडे वळवलं. वीज गेली होती, पंखा थांबलेला होता, माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या.

"आज हवा छान आहे, नाही?" ते खिडकीकडेच बघत म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "फारच छान."