न वाजणारा वर्ग

जून जवळ आला की म्हात्रे बाई माणसांच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. समोरच्याच्या पायात रबरी चप्पल दिसली की त्यांचे डोळे चमकतात. "किती झिजल्यात हो," असं हळहळून म्हणतात, "नवीन घ्या ना आता." त्यांना आपल्या पायांची काळजी वाटते असं कुणी समजू नये. त्यांना आपली जुनी चप्पल हवी असते.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवात आमची मराठी शाळा आहे. मी तिसरीला शिकवते आणि शेजारच्या खोलीत म्हात्रे बाई पहिलीला. आमचे बाक लोखंडी पायांचे. एक सरकला तरी असा किंचाळतो की दात शिवशिवतात. म्हणून बाई मे महिनाभर गावातून जुन्या चपला गोळा करतात, त्यांचे तुकडे कापतात आणि प्रत्येक बाकाच्या पायाला सुतळीने बांधतात. ही कल्पना कुठून सुचली असं मी विचारलं, तर मलाच वेड्यात काढलं. "खाडीवर जाळ्यांना चपलांचे तुकडे बांधतात ना, तरंगायला? मग बाकाला का न्हाय?"

बाई मूळच्या गोडदेवच्याच, आगरी. एरवी शाळेत त्या अगदी पुस्तकी मराठी बोलतात, पण काळजी वाटली की घरची बोली बाहेर येते. जूनमध्ये त्यांना सतत काळजीच असते, त्यामुळे तो महिना आम्ही आगरीतच काढतो. "आवाज झाला का पोराच्या पोटान गोला येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंखा करकरला, पोटान गोला. दार आपटलं, पोटान गोला. शिपायानं स्टीलचा पेला पाडला, तर त्याच्याकडे असं बघतील की बिचाऱ्याच्याच पोटात गोळा यावा.

शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात मी एकदा त्यांच्या वर्गात डोकावले, तर बाई गुडघ्यांवर चालत होत्या. साडी खोचलेली, कपाळाला घाम. मला वाटलं बांगडी पडली असेल.

"बांगडी न्हाय गो. सहा वर्षांच्या पोराला इथून काय दिसतं ते बघतेय. ये, खाली बस."

मी बसले. खालून भिंतीवरचा सिंह दिसला. वरून हुकूम आला होता की शाळेच्या भिंती बोलक्या करा, म्हणून एका पेंटरनं प्राण्यांची रांग रंगवली होती. उभं राहून बघितलं तर तो सिंह जांभई देतोय असं वाटायचं. गुडघ्यांवरून मात्र तो आपल्यालाच खाणार याबद्दल शंका उरत नव्हती. बाईंनी त्याच्या दातांवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर चिकटवलं. "भिंतींनी जरा गप्प बसावं," म्हणाल्या. "आधीच पोराला आईचा हात सुटलेला असतो, त्यात ह्या बोलणार."

त्यांच्या पर्समध्ये कायम शिवणयंत्राच्या तेलाची कुपी असते. बिजागरी दिसली की थेंब सोडायचा. वर्गाची दारं, खिडक्या, कपाट, झालंच तर स्टाफरूमची खुर्ची. एकदा बँकेत रांगेत उभ्या असताना त्यांनी तिथल्या फिरत्या दाराला तेल घातलं होतं, आणि वॉचमनला काय सांगावं ते मला सुचेना. अशी बाई, आणि तिच्या स्वतःच्या घराचं दार! शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमधून जमवलेल्या चपलांची पिशवी द्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नीलेश पुण्याला नोकरीला, बाई एकट्याच राहतात. त्यांनी दार उघडलं तर ते असं कोकललं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"बाई, तेल?" मी म्हटलं.

"संपलंय," त्या म्हणाल्या. कुपी टेबलावर दिसत होती, अर्धी भरलेली. मी मनात म्हटलं, असतं एकेकाचं.

यंदा बाईंची काळजी नेहमीपेक्षा वाढली, त्याला कारण आमचे हेडसर. त्यांना पहिलीच्या मुलांचं स्वागत ढोलताशानं करायचं होतं. फुगे, फुलं, गुलाल आणि ढोल. बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या त्या हात जोडूनच. अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. हेडसरांनी ढोल रद्द केला होता, पण अट घातली होती. पहिल्या दिवशी शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार. त्यांच्यासमोर पहिलीच्या वर्गातून रडारड ऐकू आली, तर पहिली सातवीच्या सावे बाईंकडे आणि म्हात्रे बाईंनी सातवी घ्यायची.

"सातवी!" बाई मला म्हणाल्या. "मिश्या फुटलेल्या पोरांच्या बाकांना मी चपला बांधू?"

त्या दिवसापासून त्यांना झोप नव्हती. सकाळी सहाला माझा फोन वाजायचा. "अगो, तिसऱ्या खिडकीचा पडदा फडफडतो." मग मलाही दिवसभर फडफडल्यासारखं व्हायचं. माझा वर्ग तिसरीचा, सरावलेला, पण बाईंच्या नादानं मी सुद्धा माझा पंखा कान लावून ऐकायला लागले.

त्यात शनिवारी नको ते घडलं. साहेब तयारी बघायला अचानक आले. फरशी नुकतीच पुसलेली, म्हणून भला माणूस चपला दाराबाहेर काढून आत गेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या, मऊ तळव्यांच्या, निळ्या. बाई व्हरांड्यात गोळा केलेल्या चपलांच्या ढिगाशी बसल्या होत्या. साहेब बाहेर येईपर्यंत त्या चपलांचे आठ तुकडे झाले होते. "इतकं चांगलं रबर कुणी दिलं गो?" असं बाई कौतुकानं मला विचारत होत्या, आणि साहेब मागे अनवाणी उभे होते. ते शिपायाच्या स्लीपर घालून घरी गेले. हेडसरांनी तिथूनच सावे बाईंना हाक मारली.

पहिला दिवस उजाडला. माझ्याच पोटात गोळा होता. बाई दारात उभ्या, हातात चमेलीची फुलं, आवाज इतका हळू की पालकही कुजबुजत बोलायला लागले. आई-बापांसाठी त्यांचा एकच नियम होता. पोराला फसवून पळायचं नाही. समोर बसून सांगायचं, आणि 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. मुलं येत होती, बसत होती. बाक सरकत होते आणि आवाज होत नव्हता. खरं सांगते, बघतच राहावं असा वर्ग होता.

शेवटी एक कोळीण आली, पोराला घेऊन. पोराचं नाव विघ्नेश. बाईंनी त्याला खिडकीजवळचा बाक दिला, जिथून गेट दिसतं. तो खडू बघण्यात रमला, आणि आईनं संधी साधली. चपला हातात घेऊन मागच्या मागे निघाली. झालं, शेवटचं पोरही बसलं. हेडसर आणि साहेब जिन्यावर दिसत होते. मी सुटकेचा निःश्वास टाकणार इतक्यात म्हात्रे बाई पदर खोचून गेटकडे पळाल्या.

"अगो थांब! सांगून जा त्याला!"

"बाई, मना उशीर झायला! मासली नासल!"

"नासू दे. आधी सांग."

बाईंनी तिला दंडाला धरून वर्गात आणलं. तिनं सांगितलं, "बाला, येते हां मी." विघ्नेशनं तिच्याकडे बघितलं, त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं असा टाहो फोडला की शेजारच्या मुलीनं सूर लावला. मग तिच्या शेजारचीनं. बघता बघता अख्खी पहिली रडायला लागली. ढोलताशा परवडला असता. दारात हेडसर आणि साहेब उभे होते. साहेबांनी या खेपेला लेसचे बूट घातले होते, सहज निघणार नाहीत असे.

बाई गडबडल्या नाहीत. त्या फरशीवर बसल्या, विघ्नेशला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "रड. आई गेली का रडू येतंच." एवढंच. साहेबांना काय करावं कळेना, म्हणून ते एका बाकाजवळ वाकले, तर पायाला निळा तळवा. त्यांनी तो ओळखला. बाक हलवून बघितला. पुन्हा हलवला. "आवाज येत नाही खरंच," असं स्वतःशीच म्हणाले. हेडसर मात्र माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवून निघून गेले. संपलं, मी मनात म्हटलं.

शाळा सुटली तेव्हा कोळीण गेटवर हजर होती, टोपली घेऊनच. विघ्नेश धावत गेला, मग वळला. मागे एक मुलगा भिंतीला टेकून मुसमुसत होता, त्याचा बाप अजून आला नव्हता. विघ्नेश त्याला म्हणाला, "तुझा बाप 'येतो' सांगून गेलाय ना? मग येल तो. माझी आय आली ना?" तो मुलगा डोळे पुसून गेटकडे बघत उभा राहिला. हेडसर तिथेच होते. त्यांनी घसा खाकरला. "दिवाळीपर्यंत असू दे पहिली बाईंकडे," मला म्हणाले, जणू मीच मागितली होती.

मी धावत बातमी द्यायला गेले. बाई रिकाम्या वर्गात खिडकीजवळच्या त्या बाकावर बसल्या होत्या. ऐकून नुसत्या हसल्या. आनंद व्हायचा तो झालाच मला, पण रागही आला होता.

"पोरगा रमला होता, बाई. तिला जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"नीलेशचा शाळेचा पहिला दिवस आणि माझ्या शाळेचा पहिला दिवस एकच की गो," त्या म्हणाल्या. "सगळ्या शाळा एकाच दिवशी उघडतात. दुसऱ्यांची पोरं गप्प करायला मला वेळेवर पोचायचं होतं. तो घसरगुंडीवर होता. मी न सांगता निघाले."

"लहान होता तो. विसरलाही असेल."

"विसरलाच असेल. पण आता महिन्या-दोन महिन्यांनी येतो ना पुण्याहून, तर सोमवारी पहाटे तसाच निघतो. माझी झोप मोडू नये म्हणून. गुणी आहे." बाईंनी पर्समधून कुपी काढली, खिडकीच्या बिजागरीला एक थेंब सोडला आणि झाकण लावलं. "म्हणून घरच्या दाराला न्हाय मी तेल घालत. करकरलं का मी उठते, जिन्यापर्यंत जाते. मग 'येतो' म्हणतो."