काशीराम बुडाला की परत आला?

"एक शब्द बदलून तर बघा म्हणावं! एक शब्द! गाठ अंबादासशी आहे!"

जोगेश्वरीच्या चाळीच्या व्हरांड्यात उभं राहून अंबादासने ही गर्जना केली तेव्हा सत्याऐंशी सालचा जानेवारी चालू होता, त्याच्या हातात पेपर होता आणि अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण होता. 'हिरूचं गलबत' या कादंबरीवर टीव्हीवर तेरा भागांची मालिका येणार, अशी चार ओळींची बातमी होती. पण अंबादास असा हादरला होता, की जणू त्याला न विचारता त्याच्या मुलीचं लग्न कुणी ठरवून टाकलंय!

"अहो, आधी दाढी पुरी करा," त्याची बायको चंपा आतून म्हणाली. "अर्ध्या तोंडाला कोण घाबरणार?"

अंबादास मरोळच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन पिना मोजायच्या आणि केसभर फरक दिसला की अख्खी पेटी परत पाठवायची, हे त्याचं काम. पुस्तकांच्या बाबतीतही तो तसाच होता. 'हिरूचं गलबत' त्याने अठरा वेळा वाचली होती, त्यातल्या नऊ वेळा लग्नानंतर, मोठ्याने. चंपाने काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिरू ही कोळ्याची पोर. तिचा नवरा काशीराम गलबत घेऊन दर्यात जातो आणि वादळ येतं. हिरू अकरा दिवस बंदरावर बसून राहते. बाराव्या दिवशी काशीरामचं नुसतं वल्हं किनाऱ्याला लागतं. संपली कादंबरी! या शेवटच्या पानावर रडल्याशिवाय अंबादास एकदाही उठला नव्हता.

त्याच संध्याकाळी 'हिरू बचाव समिती' स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच अंबादास. सभा भरली शांताबाईंच्या घरी, कारण चाळीतला एकुलता एक टीव्ही त्यांच्याकडे होता. शांताबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या आणि पोस्टमनच्याही चुका काढायच्या.

"पुस्तकात आहे ते तसंच दिसलं पाहिजे. काना-मात्रांसकट!" शांताबाई म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

एप्रिलात पहिला भाग लागला, आणि समितीच्या तोंडचं पाणी पळालं. हिरूच्या ओठांना लिपस्टिक! नेसणं असं, की दोन पावलं चालली असती तर सुटलं असतं! टोपलीतली पापलेटं प्लास्टिकची, आणि त्यातलं एक दर धक्क्याला उसळी मारत होतं. तिसऱ्या भागात हिरू सुरमईला हलवा म्हणाली. पाचव्या भागात गलबतावर चक्क फुगे होते. अंबादासला जेवण जाईना. कारखान्यात त्याने चांगल्या पिनांच्या तीन पेट्या परत पाठवल्या.

आणि मग सायंदैनिकात आलं की शेवटच्या भागाचं चित्रीकरण वेसाव्याच्या कोळीवाड्यात होणार असून, शेवट 'प्रेक्षकांना रुचेल असा' करण्यात येणार आहे.

"म्हणजे बदलणार!" अंबादास खुर्चीत कोसळला. "काशीरामला परत आणणार मेले!"

समितीने दोनशे पोस्टकार्डं पाठवली. प्रत्येकावर तीनच शब्द, 'शेवट बदलू नका!' उत्तर एकाचंही आलं नाही. तेव्हा अंबादासच्या डोक्यात ट्यूब पेटली. वेसावे म्हणजे अंजनाबाईचं गाव! अंजनाबाईने मनात आणलं तर अख्खा कोळीवाडा उभा राहील.

अंजनाबाई चाळीत मासळी विकायची. गुरुवारी अंबादासच्या कारखान्याला सुट्टी, आणि गुरुवारी माशाला गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे दर गुरुवारी टोपली लवकर उतरवून ती त्याच्या दारात बसायची आणि अंबादास तिला 'हिरूचं गलबत' वाचून दाखवायचा. तिला वाचता येत नव्हतं, पण लक्षात ठेवायची अशी, की शुक्रवारी सकाळी सुकट निवडताना ती सगळ्या बायकांना कालचं प्रकरण जसंच्या तसं सांगायची. आठ महिन्यांत अख्खा कोळीवाडा हिरूच्या नादी लागला होता.

"मावशी," अंबादास तावातावाने म्हणाला, "ते लोक आपल्या पुस्तकाचा शेवट बदलतायत!"

अंजनाबाईच्या हातातला कोयता थांबला. "बदलतान? म्हंजे काशीरामला बुडवतान काय रं?"

अंबादासचं तोंड उघडं राहिलं. आत चंपाच्या हातून भांडं पडलं.

आता इथे एक गोष्ट सांगावी लागेल, जी अंबादासने कुणालाच सांगितली नव्हती. अंजनाबाईचा नवरा तेरा वर्षांपूर्वी दर्यात गेला तो आलाच नव्हता. त्याचं वल्हंसुद्धा आलं नव्हतं. शेवटच्या पानाच्या गुरुवारी ती पदराचं टोक दोन्ही मुठींत धरून बसली होती. अंबादास वल्ह्याच्या ओळीपाशी आला आणि तिने विचारलं, "आयला ना रं तो?" त्याचे डोळे छापलेल्या वल्ह्यावर होते, आणि अंबादासच्या तोंडून निघालं, "आला."

एकदा आला म्हटल्यावर तो आला कसा हेही सांगणं भाग होतं. केसभर फरकाला पेटी परत पाठवणाऱ्या या गृहस्थाने, छापलेलं पान समोर धरून, पुढची दहा मिनिटं धडधडीत बनवून वाचली! मग अंजनाबाई खूप रडली, त्याच्या पोरांसाठी दोन पापलेटं ठेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात काशीराम परत आला. समितीच्या धुंदीत अंबादास हे साफ विसरला होता.

"बोल ना रं! बुडवतान काय?"

"तसं... म्हणजे... बघू या..." अंबादास म्हणाला.

"बगायचा काय त्यात? शेवट बदलू देणार नाय! चाळीस बायका घेऊन येतंय मी!"

ती गेल्यावर चंपा दारात आली. "मीपण वाचलंय पुस्तक," ती म्हणाली. "तेव्हा गप्प बसले, म्हटलं चांगलं काम केलंत. आता?"

"आता वाट लागली," अंबादास म्हणाला.

समितीचा मोर्चा आणि कोळणींचा मोर्चा, दोघांची घोषणा एकच, मागणी बरोबर उलटी, आणि दोघांचाही पुढारी अंबादास! विचार करून करून त्याने एक तोड काढली. समितीला सकाळी नऊची वेळ दिली, अंजनाबाईला दुपारी चारची. दिवस सुट्टीचा ठरवला, आणि तिथेच फसला. सुट्टी म्हणजे गुरुवार! आणि गुरुवारी कोळणी सकाळपासून मोकळ्या!

नऊ वाजता समितीची अकरा माणसं फलक घेऊन किनाऱ्यावर पोचली, तर चाळीस कोळणी आधीच कॅमेऱ्याला वेढा घालून बसलेल्या. दोन्ही बाजूंनी एकदम आरोळी उठली, "शेवट बदलू नका! शेवट बदलू नका!"

"वा, अंबादासभाऊ!" शांताबाईंचे डोळे भरून आले. "केवढं हे वाचनप्रेम!"

अंबादासला वाटलं, आपणच आता दर्यात चालत जावं.

दिग्दर्शक जयवंत घाम पुसत पुढे आला. "बाई, बाई, ओरडू नका! तुम्हाला शेवट कुठला हवाय?"

"पुस्तकातला!" एक्कावन्न तोंडं म्हणाली.

"पण पुस्तकात आहे काय? मी पटकथा वाचलीय, पुस्तक वाचायला वेळ कुठाय?"

शांताबाईंना भोवळ यायची बाकी राहिली. पण अंजनाबाई कमरेला पदर खोचून म्हणाली, "अंबादासला इचार! त्याच्यासारखा कोण वाचीत नाय. वाच रं शेवटचा पान! कळू दे यांना!"

"हो, वाचाच!" शांताबाईंनी पिशवीतलं पुस्तक त्याच्या हातात कोंबलं. "शब्द न् शब्द!"

"माझा चष्मा घरी..."

"तुम्हाला चष्मा नाही!" शांताबाई म्हणाल्या.

अंबादासने पान उघडलं. वल्हं तिथेच होतं, एकोणिसाव्यांदा. त्याने वर पाहिलं. एका बाजूला समिती उभी होती, छाती पुढे काढून. दुसऱ्या बाजूला अंजनाबाई. आता ती ओरडत नव्हती. पदराचं टोक तिने दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. तिच्या मागे दर्या होता, आणि तिला त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची सवय नसावी.

"बाराव्या दिवशी," अंबादास वाचू लागला, "बाराव्या दिवशी... काशीराम आला."

कोळणींनी एकच जल्लोष केला. जयवंतने त्याला मिठी मारली. "झकास! अहो, हाच तर आमचा शेवट! मग उगाच कशाला भांडतो आपण?"

शांताबाईंनी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं, ते पान पाहिलं, अंबादासकडे पाहिलं आणि फलक गुंडाळून त्या चालू लागल्या. अंबादास मागून धावला नाही. काय सांगणार? चाळीत सांगितलेलं शुक्रवारी सकाळी सुकट निवडणाऱ्या बायकांपर्यंत पोचतं. दुसऱ्या दिवशी ठराव झाला. अध्यक्षाने कादंबरीचा विश्वासघात केला असल्याने त्याला समितीतून काढण्यात येत आहे, एकमताने. जी कादंबरी त्याने जिवापाड जपली तिच्याशी गद्दारी केल्याचा शिक्का त्याच्यावर बसला, आणि तो खोटा आहे असंही त्याला म्हणता येईना. तो महिना त्याने मान खाली घालून काढला.

शेवटचा भाग शांताबाईंच्याच टीव्हीवर बघावा लागला, कारण अंजनाबाई हट्टाने त्याला दंडाला धरून तिथे घेऊन आली. "आपला पुस्तक हाय, आपण नाय बगायचा?" अंबादास दाराशी पायपुसण्यावर बसला. कुणी त्याला सरक म्हणेना, बस म्हणेना.

काशीराम आला! मोटारबोटीतून आला! पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टात, भांग पाडून, आणि बोटीतून उतरता उतरता गाणं म्हणायला लागला! हिरूने फुगडी घातली. वर कहर म्हणजे, शेवटी पडद्यावर पाटी सरकली, 'विशेष आभार: श्री. अंबादास, अध्यक्ष, हिरू बचाव समिती.'

अंबादासने गुडघ्यांत डोकं घातलं. अठरा वेळा वाचलेल्या पुस्तकाच्या खुनावर त्याचं नाव कोरलं गेलं होतं.

"मेल्यांनी शेवट बदलला!" अंजनाबाई कडाडली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"असा कोण येतं दर्यातून? इस्त्री करून? तेरा वरसं मी वाट बगतंय, मना शिकवतान?" तिचा आवाज खाली आला. "तू वाचलास तवा मना खरा वाटला व्हता, अंबादास. वाटला, आमचा पण असाच येल. आन रं तुजा पुस्तक. परत वाच. ह्यो इस्त्रीवाला डोल्यांतून जाऊ दे."

शांताबाईंनी उठून टीव्ही बंद केला. अंबादास घरून पुस्तक घेऊन आला, शेवटचं पान उघडून वल्ह्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कित्येक महिन्यांपूर्वी आपण काय ठोकून दिलं होतं ते आठवू लागला. सगळी समिती समोर बसली होती.

"बाराव्या दिवशी काशीराम वाळूवरून चालत आला. ओठ फुटले होते. डाव्या पायात एकच चप्पल..."

"उजव्या!" अंजनाबाई म्हणाली. "डाव्याला फडका बांधलेला. नीट वाच की!"

"हो, हो, उजव्या," अंबादास कसाबसा म्हणाला. "छपाई बारीक आहे, मावशी."

शांताबाई कपाटाकडे गेल्या. त्यांनी स्वतःची प्रत काढली, चष्मा लावला आणि शेवटच्या पानावर बराच वेळ बोट फिरवलं.

"उजव्याच पायात," त्या म्हणाल्या. "इथे स्पष्ट लिहिलंय. डाव्याला फडकं." मग चष्म्यावरून त्यांनी अंबादासकडे रोखून पाहिलं. "आणि अंबादासभाऊ, तुम्हाला किती वेळा सांगायचं? वाचताना मनाचं घालत जाऊ नका!"