पहिल्या वहीचं अकरावं पान

वहीकाकांच्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते आणि वह्या सात होत्या. तीन दिवसांना एक वही, इतकं ते सरळ होतं. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात काकांनी तीस वर्षांत केलेली प्रत्येक आकडेमोड आणि प्रत्येक पाइपची आकृती त्या सात वह्यांत होती. त्यांच्यामुळेच तर ऑफिस काकांचं खरं नाव विसरून गेलं होतं. महिनाअखेर रेकॉर्डची खोली रिकामी व्हायची होती. तोवर वह्या कॉम्प्युटरवर चढल्या तर त्यांचं पुस्तक होणार, नाही चढल्या तर रद्दी. मॅनेजरांनी हे फार हळुवारपणे सांगितलं होतं, त्यामुळे काकांना ते जास्तच लागलं.

"नुसते फोटो काढून भागणार नाही," मॅनेजर म्हणाले. "उद्या कुणाला आकडा बदलायचा झाला तर बदलता आला पाहिजे. समीकरणं लिहिता येतील, आकृत्या काढता येतील असं एखादं सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा. तुमच्याइतका चोखंदळ माणूस नाही आपल्याकडे."

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. काकांनी ठरवलं, घाई करायची नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच पान करून बघायचं. कोणतं पान, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती: पहिल्या वहीचं अकरावं. वर पाइपची आकृती, खाली समीकरण, आणि त्याखाली त्या पाइपला किती मोठी मोटर लागेल याचं उत्तर, दोन रेघा मारून. त्या पानावरची मोटर मागच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं विनातक्रार चालली होती. कुणी पाहुणा आला की काका त्याला आधी पान दाखवत, मग मोटर.

टाइप करायला ड्रॉइंग विभागातली ताई आली. पहिलं सॉफ्टवेअर ऑफिसात सगळेच वापरायचे. त्यात समीकरण झकास बसलं, पण वर एक शब्द वाढवला की आकृती पुढच्या पानावर जाऊन बसायची. दुसऱ्यात आकृती जागची हलेना, पण समीकरणही त्याच्या लेखी चित्रच होतं. आकडा बदलायचा तर सगळं खोडून पुन्हा काढा. तिसरं इंटरनेटवर चालायचं, आणि जेवणानंतर ऑफिसातलं इंटरनेट चालायचं नाही.

"तिसरं बरं आहे की, काका," ताई म्हणाली. "सकाळी सकाळी करत जाऊ."

"बेरजेचं चिन्ह बघ. वर सरकलंय."

"केसभर."

"केसभर फटीतून पाणी गळलं तर पंपाला गळका म्हणतात की नाही?"

मग मॅनेजरांनी काकांना मदत म्हणून समिती नेमली. समितीनं आठवड्याभरात आणखी पाच सॉफ्टवेअरं सुचवली आणि तुलनात्मक अहवाल मागितला. अहवालात नमुन्याची समीकरणं आणि आकृत्या येणार, तेव्हा तो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, यावर दोन बैठका झाल्या आणि तिसरीची तारीख पडली.

काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. "अहो," बायको म्हणाली, "माझ्याशी लग्न ठरवायला तुम्हाला पाच मिनिटं लागली होती."

"तेव्हा मला अनुभव नव्हता," काका गंभीरपणे म्हणाले.

निवृत्तीला सहा दिवस उरले तेव्हा अकरावं पान आठ वेळा झालं होतं आणि बारावं एकदाही नाही.

नववं सॉफ्टवेअर फारच खडूस निघालं. त्यात पान दिसायचंच नाही. आधी नुसत्या आज्ञा लिहायच्या, मग ते पान घडवून दाखवणार. आधीच्या आठ वेळा ताईनं आकृती वहीवरून गिरवली होती आणि समीकरण एकातून उचलून दुसऱ्यात चिकटवलं होतं. इथं साधं वर्तुळ हवं असलं तरी त्याची त्रिज्या आकड्यात सांगावी लागे. ताईनं वहीत बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"काका, आकृतीत ऐंशी हा पाइपचा व्यास आहे ना?"

"हो. ऐंशी मिलिमीटर."

"मग खाली समीकरणात त्रिज्या म्हणूनही ऐंशीच घातलेत. चाळीस पाहिजेत."

काकांनी चष्मा पुसला आणि वही डोळ्यांजवळ नेली. दुप्पट त्रिज्या, म्हणून चौपट पाणी, आणि चौपट पाण्याला लागणारी ती अवाढव्य मोटर, दोन रेघा मारून. हे पान त्यांनी आठ वेळा तपासलं होतं. आठही वेळा बेरजेचं चिन्ह बघितलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तडक मागच्या शेडमध्ये गेले. मोटर नेहमीसारखी चालली होती. तिच्यावरची पाटी काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच वाचली. मोटर बसवणारे फिटरमामा शेजारीच स्टुलावर नट पुसत बसले होते.

"मामा, ही माझ्या कागदाप्रमाणे नाही बसवलेली."

"कागदावरची या दारातून आत आली नसती, साहेब. म्हटलं, काहीतरी सुटलंय. पाइप बघितला आणि गोदामात होती ती बसवली."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमची पहिलीच वही होती. सांगायला आलो तर तुम्ही पाहुण्यांना पान दाखवत होता." मामांनी नट खाली ठेवला. "मग ते राहूनच गेलं."

संध्याकाळी काका मॅनेजरांसमोर उभे राहिले आणि काहीही न लपवता सगळं सांगून मोकळे झाले. शेवटी म्हणाले, "रद्दीतच घाला वह्या. भरवशाच्या नाहीत त्या."

मॅनेजर खुर्चीत ताठ झाले. "काका, या वह्यांवरून आपण किती पंप विकलेत?"

"सगळेच."

"आणि चुका आणखी असतील?"

"असू शकतील."

"ते सगळे पंप काही फिटरमामांनी बसवलेले नाहीत." मॅनेजरांनी कपाळाचा घाम पुसला. "वह्या बरोबर असत्या तर त्यांच्यावाचून आमचं काही अडलं नसतं. आता शेवटचं पान तपासून होईपर्यंत एकही वही हलणार नाही. आणि तुम्हीही हलायचं नाही. वर्षभराची मुदतवाढ मागतो मी."

सॉफ्टवेअरही तिथल्या तिथं ठरलं. नववं, एकमतानं, कारण त्यात न वाचता काही लिहिताच येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या एका बाजूला ताई बसू लागली आणि दुसऱ्या बाजूला, स्टूल घेऊन, फिटरमामा.

बारावं पान बिनचूक निघालं. तेरावंही. पंधरा दिवसांत पहिली वही संपली. मॅनेजर दारातून डोकावले. "सगळं बरोबरच दिसतंय की. मग पूर्ण वर्ष कशाला लावायचं उगाच?" असं म्हणून ते निघून गेले.

काकांनी दुसरी वही उघडली. ताईनं पहिलं पान ओळ न् ओळ वाचत घातलं. मामांनी बोटांवर मापं मोजून मान डोलावली.

"हेही बरोबर आहे, काका," ताई म्हणाली.

काकांनी एकदा दाराकडे बघितलं आणि वही तिच्याकडे सरकवली. "नीट बघ गं जरा," ते हळूच म्हणाले. "असेल कुठंतरी."